बेर्टी फोग्ट्सवर जर्मनीने अन्याय केला का?

उजवा_बॅक
मंडळी, जर्मन फुटबॉलचा विषय निघाला की आपल्याकडे बेकेनबाउर, मॅथेउस, क्लिन्समन आणि हल्ली क्लॉप. बेर्टी फोग्ट्सचं नाव काढा, समोरचा म्हणणार, "तोच ना, ज्याच्या वेळी जर्मनी बल्गेरियाकडून हरली?"

आता हिशोब बघा. बोरुसिया म्योन्शनग्लाडबाख या एकाच क्लबकडून १९६५ ते १९७९. बुंडेसलिगाचे, म्हणजे जर्मनीच्या अव्वल लीगचे, ४१९ सामने, पाच विजेतेपदं, दोनदा युएफा कप. देशासाठी ९६ सामने आणि १९७४ चा विश्वचषक. कोच म्हणून १९९० ते १९९८ राष्ट्रीय संघ हाताखाली, १०२ सामन्यांत फक्त १२ पराभव. १९९२ ला युरोचा अंतिम सामना, १९९६ ला युरो चषक. त्यानंतर विश्वचषक किंवा युरो जिंकायला जर्मनीला २०१४ उजाडलं!

तरी त्याच्याच देशात स्टेडियममध्ये "फोग्ट्स हटाव"चे नारे लागायचे. माझ्या मते त्याचा गुन्हा एकच, तो बेकेनबाउरनंतर आला. १९९० चा विश्वचषक जिंकल्यावर साहेब बोलून गेले की आता पूर्व जर्मनीचेही खेळाडू येणार, जर्मनी कित्येक वर्षं कुणाला हरणार नाही. बोलून ते मोकळे झाले, निस्तरायला फोग्ट्स. पटतंय का?

चहा_कमी_साखर
पहिला नंबर! विषयातलं काही कळत नाही, पॉपकॉर्न घेऊन बसलोय.

ऑफसाईड_काका
पटत नाही. पराभव १२ हे खरं, पण ते कुठे झाले ते बघा. १९९२ ला अंतिम सामन्यात डेन्मार्क. युगोस्लाव्हियाला बाहेर काढल्यामुळे ऐनवेळी बोलावलेला संघ, आणि २-० ने हरवून गेला. १९९४ ला उपांत्यपूर्व फेरीत बल्गेरिया, तेही १-० ने पुढे असताना. १९९८ ला क्रोएशियाकडून ३-०. पात्रता फेरीत लहान संघांना हरवून कोच मोठा होत नसतो.

पेठेतला_गडी
काका आले म्हणजे धागा शंभरी गाठणार 😄

मी कोल्हापूरचा, त्यामुळं कोचबिच नंतर, आधी खेळाडूबद्दल बोलतो. उंची पाच फूट सहा इंच, आणि मार्किंग कुणाचं? तर हॉलंडच्या क्रुइफचं. १९७४ चा अंतिम सामना म्युनिकला, रेकॉर्डिंग मिळतं, बघा जरूर. पहिल्याच मिनिटाला क्रुइफ मधनं चेंडू घेऊन निघाला, फोग्ट्सला चकवून पुढं गेला, हॉनेसनं त्याला पाडलं. पेनल्टी. नेस्केन्सनं गोल केला तोवर एकाही जर्मन खेळाडूचा पाय चेंडूला लागला नव्हता. चौथ्या मिनिटाला फोग्ट्सला पिवळं कार्ड. आता पुढं ८६ मिनिटं, समोर जगातला सगळ्यात भारी खेळाडू, आणि आणखी एक चूक केली की तंबूत. आमच्याकडं शाहू स्टेडियमवर अशा वेळी पोरगं घाबरून दोन पावलं मागं सरतं. ह्यानं काय केलं? आणखी चिकटला. क्रुइफ हळूहळू मागं मागं, पार मिडफिल्डच्या मागं यायला लागला चेंडू घ्यायला. मध्यंतराला पंचाशी वाद घालून त्यानं स्वतःच कार्ड घेतलं. ब्राइटनरची पेनल्टी, म्युलरचा गोल, २-१. नाद खुळा!

नुसतीच_वाचक
पहिल्यांदाच लिहितेय. पेठेतला_गडी, तुमचं वर्णन वाचून सामना शोधून पाहिला. एक शंका: एका माणसामागे एक माणूस असाच सगळा संघ खेळायचा का तेव्हा? आताच्या सामन्यांत असं फारसं दिसत नाही.

पेठेतला_गडी
हो ताई. समोरच्या प्रत्येक फॉरवर्डला एक-एक माणूस नेमलेला, आणि सगळ्यांच्या मागं एक मोकळा, तो लिबेरो. म्हणजे बेकेनबाउर. फोग्ट्ससारखे लोक कुणाच्या तरी सावलीत ९० मिनिटं घासायचे, म्हणून बेकेनबाउर मान वर करून चालत चेंडू घेऊन यायचा.

गोंयकार_गोली
गडी, बरोबर. पण एक राहिलं. १९७७ चा युरोपियन कप अंतिम सामना, रोम, लिव्हरपूलविरुद्ध. तिथे फोग्ट्सच्या वाट्याला केविन कीगन होता आणि कीगनने त्याला अक्षरशः सगळ्या मैदानभर फिरवलं. शेवटी पेनल्टीही फोग्ट्सनेच दिली, कीगनला पाडून. लिव्हरपूल ३-१. मी गोलपोस्टमध्ये उभा राहणारा माणूस, मला माहीत आहे, माणूस धरणारा बचावपटू एकदा ओढला गेला की मागे केवढी भगदाडं पडतात. त्या दिवशी कीगनने स्वतः गोल केला नाही, पण जागा त्यानेच करून दिल्या.

उजवा_बॅक
रोमचा मुद्दा मान्य. पण क्रुइफ एका दिवशी आणि कीगन दुसऱ्या दिवशी, दोघंही त्याच माणसाच्या अंगावर सोडले जात होते, यातच त्याची किंमत कळते. जर्मनीत १९७१ आणि १९७९ असा दोनदा तो वर्षातला सर्वोत्तम खेळाडू ठरला. बचावपटूला हे सहसा मिळत नाही.

राईनकाठी
मी ड्युसेलडॉर्फला राहते, म्योन्शनग्लाडबाख इथून लोकल ट्रेनने अर्ध्या तासाच्या आसपास. फोग्ट्स जवळच्या ब्यूटगेन गावचा. लहानपणीच आधी आई गेली, मग वडील. मावशीकडे वाढला, टूलमेकरचं काम शिकला. इथल्या जुन्या लोकांशी बोललं की कळतं, ग्लाडबाखमध्ये त्याच्याबद्दल कुणी वाकडं बोलत नाही. नावडता आहे तो उरलेल्या जर्मनीत.

त्या काळातलं ग्लाडबाख म्हणजे हेन्नेस वाइसवाइलरचा संघ. नेट्झर, हाइन्केस, विमर, पुढे बोनहोफ आणि सिमॉन्सेन. सगळं देखणं, वेगवान आक्रमण. आणि मागे उजवीकडे फोग्ट्स. जुनं ब्योकेलबर्ग मैदान आता पाडून टाकलंय, पण त्याच्या गोष्टी अजून चघळल्या जातात. एप्रिल १९७१ ला ब्रेमेनविरुद्ध गोलपोस्ट मोडला, खरंच! सामना संपायला दोन-तीन मिनिटं असताना ग्लाडबाखचा लाउमेन जाळ्यात जाऊन पडला आणि लाकडी खांब बुडातून तुटला. दुसरा गोल तयार नव्हता. सामना ब्रेमेनला बहाल झाला. तरी त्या वर्षी विजेतेपद ग्लाडबाखचंच. त्यानंतर जर्मनीत लाकडी गोलपोस्ट गेले, ॲल्युमिनियमचे आले.

चहा_कमी_साखर
आमच्या सोसायटीच्या मैदानावर अजून दोन विटा ठेवतो. एकदाही मोडल्या नाहीत. जर्मन इंजिनिअरिंगचं फार कौतुक नको.

पेठेतला_गडी
😂😂

ऑफसाईड_काका
गोलपोस्टवरून मूळ विषयावर या. उजवा_बॅक, १९७८ ची कोर्दोबाची मॅच का गाळलीत? फोग्ट्स कप्तान, समोर ऑस्ट्रिया, जर्मनी १-० ने पुढे. बरोबरीचा गोल कुणी केला? फोग्ट्सने, स्वतःच्याच जाळ्यात. पुढे क्रांकलने दोन मारले, ३-२. ऑस्ट्रियन लोक अजून त्या दिवसाचं कौतुक करतात. ९६ सामन्यांत देशासाठी एक गोल आणि विरुद्ध बाजूला हा एक. बरोबरी!

उजवा_बॅक
काका, हे तुम्ही बरेच दिवस खिशात घेऊन फिरत असणार 😀 गाळली नव्हती, वाट बघत होतो कोण काढतं ते. पण तिथेही बघा. त्यानंतर माणूस रुसून घरी बसला नाही. क्लबसोबत आणखी एक हंगाम खेळला, युएफा कप जिंकला आणि मग जर्मन महासंघात युवा संघांपासून कोचिंग सुरू केलं. ११ वर्षं युवा संघ सांभाळले, त्यातच पुढे बेकेनबाउरचा सहाय्यक. १९८४ ला बेकेनबाउर थेट राष्ट्रीय संघाचा प्रमुख झाला, त्याच्याकडे कोचिंगचा परवानासुद्धा नव्हता. फोग्ट्स पायरी-पायरीने आला. आणि लोकांना कोण आवडला?

झोनल_मार्किंग
आता मी थोडं वेगळं बोलतो. अन्याय-बिन्याय सोडा. फोग्ट्सचा खरा प्रश्न बेकेनबाउर नव्हता, वय होतं. त्याचं नव्हे, त्याच्या फुटबॉलचं.

नव्वदच्या सुरुवातीपर्यंत इटलीत कोच साकीच्या मिलान क्लबने दाखवून दिलं होतं की चार बचावपटू एका रेषेत, जागा वाटून घेऊन, एकत्र वर सरकत खेळतात आणि लिबेरोची गरज उरत नाही. जर्मनीने हे ऐकून न ऐकल्यासारखं केलं. १९९६ ला झामर लिबेरो होता. झामर असामान्य खेळाडू, त्याच वर्षी युरोपातला सर्वोत्तम ठरला, म्हणून झाकून गेलं. १९९८ ला झामर जायबंदी. मग आधी थॉन आणि नंतर कुणाला उभं केलं? ३७ वर्षांच्या मॅथेउसला. क्लिन्समन ३३, कोलर ३२. हा संघ धावणार कधी?

आता गंमत बघा. नेमक्या त्याच काळात दुसऱ्या विभागात रखडणाऱ्या माइन्ट्स नावाच्या छोट्या क्लबात वोल्फगांग फ्रांक नावाचा कोच साकीच्या पद्धतीने चार जणांचा बचाव शिकवत होता. त्याच्या हाताखाली एक उंच, फार कौशल्य नसलेला खेळाडू स्ट्रायकरचा बचावपटू झाला होता. युर्गेन क्लॉप! फेब्रुवारी २००१ मध्ये तो खेळाडूचा थेट त्याच संघाचा कोच झाला. म्हणजे दोघंही जर्मन बचावपटू, दोघंही पुढे कोच. एक माणूस धरायला शिकला, दुसरा जागा धरायला. दोघांच्या कोचिंगमध्ये तेच उतरलं.

नुसतीच_वाचक
हा प्रतिसाद जपून ठेवतेय. थॉमस तुशेलही बचावपटूच होता ना?

झोनल_मार्किंग
हो. उल्ममध्ये राल्फ रांगनिकच्या हाताखाली खेळत होता, गुडघ्याने ऐन विशीत कारकीर्द संपवली. रांगनिक हा पुन्हा त्याच झोनल, म्हणजे जागा धरणाऱ्या, पंथातला. आता तुशेल इंग्लंडचा कोच आहे. १९९६ ला ज्यांना फोग्ट्सच्या संघाने वेम्बलीवर रडवलं, त्यांचा!

गोंयकार_गोली
अवांतर: मुंबई सिटीकडून २०१४ च्या पहिल्या इंडियन सुपर लीगमध्ये मानुएल फ्रीडरिश खेळला होता, आठवतंय का? तो माइन्ट्समध्ये आणि नंतर डॉर्टमुंडमध्ये क्लॉपच्या हाताखालचा बचावपटू. आपल्या लोकांना लुंगबर्ग दिसला, फ्रीडरिश कुणाच्या लक्षात नाही. बचावपटूंचं नशीबच असं.

पेठेतला_गडी
गोलीसाहेब, स्ट्रायकरच्या नावानं घोषणा, बचाववाल्याच्या नावानं शिव्या. पेठेत असो का म्युनिकमध्ये.

ऑफसाईड_काका
झोनल_मार्किंग यांना पूर्ण अनुमोदन. मी जे आडवळणाने म्हणत होतो ते त्यांनी सरळ सांगितलं.

आणि १९९६ बद्दल. सगळे चषक-चषक करतात. उपांत्य सामना इंग्लंडशी, पेनल्टीवर ६-५, साउथगेट चुकला. चेकविरुद्ध अंतिम सामन्यात ९५ व्या मिनिटाला बियरहोफचा गोल्डन गोल, म्हणजे जादा वेळेत जो पहिला गोल करेल तो जिंकला. चेंडू गोलरक्षक कोउबाच्या हातातून निसटून आत गेला आणि बाजूच्या पंचाचा झेंडा वर होता! कुंट्झ ऑफसाईड म्हणून. मुख्य पंचाने गोल दिला. माझं टोपणनाव उगाच नाहीये.

उजवा_बॅक
काका, झेंड्याचं सांगितलंत, मग चेक संघाला मिळालेल्या पेनल्टीचंही सांगा. झामरने पोबोर्स्कीला पाडलं ते पेनल्टी क्षेत्राच्या बाहेर. फिट्टंफाट.

झोनल_मार्किंग यांचा मुद्दा मात्र वजनदार आहे आणि १९९८ बद्दल मी वाद घालणार नाही. पण १९९६ ची स्पर्धा मी कोचिंगचा नमुना म्हणून दाखवेन. मॅथेउसला घेतलंच नाही, कारण त्याच्या येण्याने संघात दोन तट पडले असते. त्यावरून केवढा गदारोळ झाला. कोलर पहिल्याच सामन्यात पंधरा मिनिटांच्या आत जखमी होऊन स्पर्धेबाहेर, आणि त्या सामन्यात तोच कप्तान होता. बास्लर गेला, बोबिच गेला. उपांत्य सामन्यात क्लिन्समन नाही. अंतिम सामन्यात म्योलर आणि रॉयटर निलंबित. माणसं इतकी कमी पडली की बदली गोलरक्षकांसाठी मैदानातल्या खेळाडूंसारखे शर्ट छापून ठेवले होते आणि युएफाने खास परवानगी देऊन येन्स टोट नावाचा जादा खेळाडू बोलावू दिला. अशा अवस्थेत बियरहोफला ६९ व्या मिनिटाला आत पाठवतो, चार मिनिटांत बरोबरी, मग विजय. "संघ हाच स्टार" हे त्या वर्षी त्याचं घोषवाक्य होतं. नुसतं बोलायला नव्हतं, त्याच्याकडे दुसरं उरलंच नव्हतं.

चहा_कमी_साखर
बदली गोली फॉरवर्ड म्हणून? हे आमच्या सोसायटीत नेहमी होतं. फोग्ट्स आपला माणूस निघाला.

राईनकाठी
उजवा_बॅक, तुमची सगळी आकडेवारी बरोबर आहे, पण लोकांना तो का आवडला नाही याचं उत्तर मैदानात सापडणार नाही असं मला वाटतं. इथे राहून जे कळलं ते सांगते. बेकेनबाउर काहीही बोलला तरी लोक ऐकायचे, उद्या उलटं बोलला तरी चालायचं. फोग्ट्स पत्रकारांसमोर आला की शाळेतल्या शिस्तप्रिय मास्तरांसारखा वाटायचा. १९९४ ला डॅलसच्या उन्हात दक्षिण कोरियाविरुद्ध ३-० चे ३-२ झाले, जर्मन प्रेक्षकच हुर्यो उडवायला लागले, एफेनबर्गने त्यांना मधलं बोट दाखवलं. त्याला विश्वचषकातून घरी पाठवला. कोचला तो अधिकार आहे, माझ्या मते निर्णय योग्यही होता. पण उपांत्यपूर्व फेरीत संघ हरला आणि मग सगळे म्हणाले की मधल्या फळीत तोच हवा होता. चार वर्षांनी, सप्टेंबर १९९८ मध्ये, त्याच एफेनबर्गला परत बोलावलं. माल्टाविरुद्ध २-१, रोमानियाशी १-१, आणि त्यानंतर लगेच फोग्ट्सने राजीनामा दिला. शिस्तीसाठी ज्याला काढलं त्यालाच शेवटी हाक मारावी लागली. लोक अशा गोष्टी विसरत नाहीत.

आणि १९९८ ला क्रोएशियाच्या सामन्यानंतर फोग्ट्सचं पंचगिरीमागे काहीतरी शिजतंय असं सुचवणं. व्योर्न्सचं लाल कार्ड अगदी स्वच्छ होतं हो. शुकेरला कसा पाडला ते बघा.

ऑफसाईड_काका
राईनकाठी ताई, हा धाग्यातला सर्वात उत्तम प्रतिसाद. (माझे सोडून.)

गोंयकार_गोली
जर्मनीनंतर काय केलं त्यावर कुणी बोललं नाही. लेव्हरकुसेनमध्ये एक हंगामही पुरता टिकला नाही. मग कुवेत, मग स्कॉटलंड. स्कॉटलंडचा पहिला परदेशी कोच. पहिला सामना फ्रान्सकडून ५-०. फॅरो बेटांशी २-२, तेही बारा मिनिटांत ०-२ ने मागे पडून. फॅरो! लोकसंख्या आमच्या मडगावपेक्षा कमी. युरो २००४ च्या प्लेऑफमध्ये हॉलंडला घरच्या मैदानावर १-० ने हरवलं आणि ॲमस्टरडॅमला जाऊन ६-० खाल्ले. नायजेरियाचा कोच असताना २००८ च्या आफ्रिका कपमध्ये दहा जणांच्या घानाकडून हार. हे सगळं बेकेनबाउरच्या सावलीने केलं का?

उजवा_बॅक
नाही, ते त्याचं त्याचं. पण स्कॉटलंडबद्दल अर्धंच सांगितलंत. आधीचा कोच ब्राउनने सोडलेला संघ वयस्क होता आणि मागून येणारं कुणी दिसत नव्हतं. डॅरन फ्लेचर आणि जेम्स मॅकफॅडन यांना राष्ट्रीय संघात पहिली संधी फोग्ट्सनेच दिली. हॉलंडविरुद्धचा तो १-० चा गोल मॅकफॅडनचाच. पुढची कित्येक वर्षं स्कॉटलंड या दोघांवर चाललं. फळं दुसऱ्यांनी खाल्ली.

नुसतीच_वाचक
मग शेवटी कुठे होता तो?

राईनकाठी
अझरबैजान. २००८ ते २०१४, साडेसहा वर्षं, म्हणजे राष्ट्रीय संघासाठी बराच काळ. २००९ मध्ये विश्वचषक पात्रता फेरीत जर्मनी बाकूला गेली होती, समोरच्या बाकावर फोग्ट्स. जर्मनी २-० ने जिंकली. मधेच २०१४ च्या विश्वचषकात अमेरिकेचा तेव्हाचा कोच क्लिन्समनने त्याला सल्लागार म्हणून नेलं, आणि गटात पुन्हा जर्मनी. तिथेही जर्मनी १-०. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये अझरबैजान क्रोएशियाकडून ६-० ने हरलं आणि त्याने ते पद सोडलं.

पेठेतला_गडी
पुन्हा क्रोएशिया! ह्या माणसाच्या पत्रिकेत काहीतरी आहे भावा.

झोनल_मार्किंग
उजवा_बॅक, मूळ प्रश्नावर येऊ. अन्याय झाला का? माझं उत्तर: खेळाडू म्हणून नाही, त्याला सगळं मिळालं. १९९६ बद्दल हो, थोडा झाला. १९९८ बद्दल अजिबात नाही. आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने, त्याच्या जाण्याने जर्मनी सुधारली नाही. त्याच्या जागी रिबेक कोच म्हणून आला, युरो २००० मध्ये गटात शेवटचा क्रमांक, तीन सामन्यांत एक गुण. तेव्हाही लिबेरो मॅथेउसच, ३९ व्या वर्षी! त्यानंतर कुठे क्लबांना अकादम्या सक्तीच्या झाल्या. म्हणजे रोग कोचचा नव्हता, अख्ख्या व्यवस्थेचा होता.

ऑफसाईड_काका
व्यवस्थेचा होता तर आठ वर्षं त्या व्यवस्थेच्या डोक्यावर कोण बसलं होतं? त्याआधी ११ वर्षं युवा संघ कुणाकडे होते? १९ वर्षं महासंघात असलेल्या माणसाला व्यवस्थेचा बळी म्हणू नका.

उजवा_बॅक
काका, हा मुद्दा बिनतोड आहे, याला उत्तर रात्री सवडीने देतो. तोवर १९९२ च्या युरोतला हॉलंडविरुद्धचा गटसामना कुणी पाहिला असेल तर लिहा. फान बास्टेनला कोलरने कसा धरला होता त्यावर मला बोलायचंय.

पेठेतला_गडी
३-१ ने हरले की हो तो सामना!

उजवा_बॅक
हरले म्हणूनच बोलायचंय.